ब्रेक लाइट कधी लागत नाही, कधी विझत नाही : पेडलवरचा स्विच तपासणे आणि बदलणे

सिग्नलला शेजारी थांबलेला कोणी काच वाजवून सांगतो, ‘तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत.’ घरी आल्यावर कोणाला तरी मागे उभे करून पेडल दाबावे, तर दिवे लख्ख. आपण निश्चिंत होतो. थोड्या दिवसांनी पुन्हा कोणीतरी तेच सांगतो. या दुखण्याची दुसरी तऱ्हा बरोबर उलटी. गाडी बंद केली, कुलूप लावले, मागे वळून पाहिले तर ब्रेक लाइट चालूच. नाही पाहिले तर सकाळी बॅटरी झोपलेली. तिसऱ्या तऱ्हेत दिव्यांचा संशयही येत नाही : ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मधून हलत नाही, स्टार्टचे बटण दाबून इंजिन उठत नाही, क्रूझ कंट्रोल लागत नाही, किंवा डॅशबोर्डवर एबीएस नाहीतर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा मध्येच उगवतो आणि मावळतो.

या तिन्ही तऱ्हांच्या मुळाशी बऱ्याचदा एकच वस्तू असते : ब्रेक पेडलच्या दांड्याला टेकून बसलेला, अंगठ्याएवढा स्विच. पण बऱ्याचदा म्हणजे दर वेळी नव्हे. स्विच महाग नसतो आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून तपासणी न करताच तो बदलून टाकला जातो. मग काही महिन्यांनी तेच रडगाणे. नवा स्विचही पुन्हा पुन्हा जात असेल, तर त्याला मारणारी गोष्ट अजून गाडीतच बसली आहे असे समजावे. ती शोधायला थोडा वेळ द्या, स्विच नंतर बदलता येईल.

स्विच चालतो कसा

स्विचच्या टोकाला स्प्रिंगवर पुढेमागे होणारा एक प्लंजर असतो. पेडल मोकळे असते तेव्हा पेडलचा दांडा हा प्लंजर आत दाबून ठेवतो आणि सर्किट तुटलेले राहते. पाय ठेवला की दांडा दूर जातो, स्प्रिंग प्लंजरला बाहेर ढकलते, आतले कॉन्टॅक्ट जुळतात, दिवे लागतात. म्हणजे आपण स्विच ‘दाबून’ दिवे लावत नाही, सोडून लावतो. हे एकदा डोक्यात बसले की पुढची निम्मी तपासणी सोपी होते.

साध्या स्विचला दोन पिना असतात. एकीवर फ्यूजमधून आलेला करंट आणि दुसरीवरून मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर. बहुतेक गाड्यांत हा करंट किल्ली काढली तरी चालूच असतो, कारण उभ्या गाडीतही ब्रेक लाइट लागले पाहिजेत. चार पिनांच्या स्विचमध्ये दोन सर्किटे असतात. पेडल दाबल्यावर एक जुळते, त्याच वेळी दुसरे तुटते. दुसरे सर्किट इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी. तो दोन्हींची जुळणी पाहत राहतो आणि ती बसली नाही की कोड (दोषाचा क्रमांक) साठवतो. पी०५७१, पी०५०४ किंवा पी०७०३ यांपैकी एखादा कोड स्कॅनरवर (कॉम्प्युटरमधले कोड वाचणाऱ्या यंत्रावर) दिसला तर रोख ब्रेक स्विचच्या सर्किटाकडे आहे. स्विचच मेला आहे, एवढे मात्र कोड सांगत नाही.

काही जुन्या गाड्यांत स्विच पेडलवर नसतो. तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या पंपावर) किंवा ब्रेकच्या पाइपवर बसवलेला असतो. तो काढला की ऑइल सांडते, हवा शिरते आणि ब्रेक ब्लीड करावे (शिरलेली हवा बाहेर काढावी) लागतात. काही नव्या गाड्यांत कॉन्टॅक्टऐवजी चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. त्यातल्या काहींना बदलल्यावर स्कॅनरने शून्य स्थिती शिकवावी लागते. खालचे वर्णन पेडलवरच्या प्लंजरवाल्या स्विचचे आहे.

पेडलखाली वाकण्याआधी मागचे दिवे पाहा

किती दिवे लागत नाहीत, यावरच अर्धा निकाल लागतो. एकच बाजू गेली असेल तर स्विचकडे बघूही नका. स्विच सगळ्यांना एकाच वेळी करंट देतो. एका बाजूचा दोष बल्ब, होल्डर, त्या बाजूची वायर किंवा अर्थिंग यांतच सापडेल. डावा, उजवा आणि मधला वरचा असे तिन्ही एकदम गेले असतील, तरच फ्यूज, स्विच किंवा त्यांच्यामधली सामाईक वायर. मधला लागतो आणि खालचे दोन्ही लागत नाहीत, अशी स्थितीही येते. तेव्हा दोन्ही बल्ब उडालेले असू शकतात. एक कित्येक दिवस आधी गेलेला असतो आणि दुसरा जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आलेले नसते. ज्या गाड्यांत मागचा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच लाल बल्बवर चालतात, तिथे खालच्या दिव्यांचा करंट इंडिकेटरच्या दांडीवरच्या स्विचमधून फिरून जातो आणि मधला दिवा सरळ घेतो. तेव्हा संशय त्या दांडीवर.

‘टेल लाइट लागतोय, म्हणजे बल्ब चांगला आहे’ हे वाक्य गॅरेजमध्येही ऐकू येते. अनेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात : टेल लाइटचे ५ वॅटचे, ब्रेकचे २१ वॅटचे. एक तुटून दुसरे वर्षभर चालू शकते. बल्ब काढून डोळ्यांसमोर धरा. काच काळी किंवा दुधाळ झाली असेल तर विषय संपला. या बल्बच्या दोन बाजूच्या खुंट्या मुद्दाम वरखाली असतात. जोर करून उलटा बसवला तर टेल आणि ब्रेकची अदलाबदल होते. होल्डरचे पितळी पान हिरवे पडले असेल तर आधी ते साफ करा. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणला किंवा टेल लाइट उलट मंद झाला, तर अर्थिंग सैल आहे. करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून चालला आहे.

हे सगळे एकट्याने पाहायचे असेल तर मोबाइल मागे कशाला तरी टेकवून व्हिडिओ चालू करा आणि पेडल पंधरावीस वेळा दाबा : कधी हळूच, कधी जोरात, कधी पाय बाजूला सरकवून. मधूनच होणारा दोष असाच पकडीत येतो. एकदा दाबून ‘लागला की’ म्हणून उठणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

मग फ्यूज. बॉक्सच्या झाकणावर ‘स्टॉप’ किंवा ब्रेकच्या खुणेचा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. उडालेला असेल तर नवा टाका, पण तो का उडाला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. होल्डरमध्ये शिरलेले पाणी, डिकीच्या बिजागरीशी घासून सोललेली वायर आणि ट्रेलरसाठी मारलेले जोड, ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणे.

निकाल स्विचच्या कनेक्टरवर लागतो

ड्रायव्हरच्या पायाजवळ उताणे शिरून, टॉर्च धरून वर पाहा. पेडलचा दांडा जिथे लोंबतो, तिथल्या कंसावर (ब्रॅकेटवर) स्विच दिसेल. क्लच असलेल्या गाडीत शेजारच्या पेडलवरही तसाच एक असतो. कधी कधी तो अगदी जुळा भाऊ वाटतो, तेव्हा आधी पेडल हाताने हलवून आपलाच धरला आहे ना याची खात्री करा. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, टेस्टर तर मुळीच नाही.

दोन पिनांच्या स्विचसाठी साधा टेस्ट लॅम्प (एका बाजूला टोक, दुसरीकडे क्लिप असलेला छोटा दिवा) पुरतो. क्लिप बॉडीच्या स्वच्छ बोल्टला लावा. कनेक्टर जागेवरच ठेवून मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून टोक सरकवा. एका पिनेवर पेडल न दाबताही लॅम्प लागला पाहिजे. न लागल्यास इग्निशन चालू करून पुन्हा पाहा. तरीही दोन्ही पिना मेलेल्या असतील तर दोष फ्यूज आणि स्विचच्या मध्ये आहे, नवा स्विच आणून काही होणार नाही. एक पीन जिवंत आहे, पेडल दाबल्यावर दुसरीही जिवंत झाली, पण मागे अंधार, असे असेल तर स्विचने आपले काम केले आहे. दोष पुढच्या वायरमध्ये. आणि पेडल दाबूनही दुसरी पीन मेलेलीच राहिली, तर स्विच दोषी. खात्रीसाठी कनेक्टर काढून त्यातल्या दोन खाचा फ्यूज लावलेल्या छोट्या वायरने जोडा. मागचे दिवे लागले की शंका उरत नाही.

मी इथे मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प पसंत करतो, त्याला कारण आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एका तंतूवर लोंबणाऱ्या कुजक्या वायरवरही तो साळसूदपणे १२ व्होल्ट दाखवतो. लॅम्प करंट ओढतो आणि तिथे मंद पडतो. चार पिनांच्या स्विचवर मात्र हे उलटे आहे. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या बारीक सिग्नल वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नये, तिथे मीटरच. स्विच काढून ओहमच्या सेटिंगवर पाहिला तरी चालते : प्लंजर सुटा असताना एक जोडी जुळलेली, दुसरी तुटलेली. आत दाबल्यावर नेमके उलट.

मधूनच दगा देणारा स्विच या कसोटीतही पास होतो. त्याच्यासाठी व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे स्विचमध्येच किती व्होल्ट वाया जातात, ते मोजा. कनेक्टर लावलेलाच ठेवून मीटरच्या दोन्ही सुया स्विचच्या दोन पिनांवर टेकवा आणि पेडल दाबून धरा. दिवे जळत असताना मीटरने ०.१ ते ०.२ व्होल्ट दाखवले तर कॉन्टॅक्ट ठणठणीत. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल, किंवा आकडा नाचत असेल, तर आतले कॉन्टॅक्ट काळवंडले आहेत. पेडल सोडल्यावर तेच मीटर १२ च्या आसपास जाईल, ते बरोबरच आहे, दचकू नका. दाबून धरलेले असतानाच कनेक्टर आणि वायरी हलवून पाहा. आकडा वायर हलवल्यावर उडत असेल तर दोष कनेक्टरच्या सैल पानात आहे. प्लॅस्टिक तपकिरी झालेले किंवा वितळलेले असेल तर तेही बदलावे लागेल. सैल पान गरम होते आणि ती उष्णता नव्या स्विचलाही भाजते.

दिवे विझतच नसतील तर आधी जमिनीवर पाहा

खरेच, पायाखालची मॅट उचलून पाहा. रबराचे किंवा प्लॅस्टिकचे ठिसूळ तुकडे सापडले तर बहुधा स्विच घेण्याची गरजच नाही. अनेक गाड्यांत प्लंजर पेडलच्या लोखंडावर सरळ टेकत नाही. दांड्याला एक भोक असते, त्यात रबर किंवा प्लॅस्टिकची गुंडी बसवलेली असते आणि प्लंजर तिच्यावर टेकतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती गुंडी कडक होऊन फुटते. प्लंजर मोकळ्या भोकातून आरपार जातो, स्विचला वाटते पाय ब्रेकवरच आहे, आणि दिवे जळत राहतात. दोन २१ वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतात. ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरीही त्याने रात्रभरात रिकामी होते.

खात्री करायला प्लंजर बोटाने आत दाबा. दिवे विझले म्हणजे स्विच निर्दोष, गुंडी गेली आहे किंवा स्विचची बैठक मागे सरकली आहे. दाबूनही विझले नाहीत तर कनेक्टर काढा. आता विझले तर स्विच आतून चिकटला आहे. कनेक्टर काढल्यावरही जळत असतील तर करंट दुसरीकडून येतो आहे : एकमेकींना चिकटलेल्या वायरी, अडकलेला रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच), ट्रेलरचा जोड. दोन फिलामेंटच्या बल्बात तुटलेले फिलामेंट दुसऱ्यावर पडूनही असे होते, पण मग हा प्रकार फक्त टेल लाइट चालू असतानाच दिसतो.

गुंडी सुटी मिळते आणि बोटाने दाबून बसते. मिळेपर्यंत गुळगुळीत, रुंद माथ्याचा एक छोटा बोल्ट त्या भोकात घालून मागून नट आवळला तर गाडी चालते. नाणे डिंकाने चिकटवण्याचा उपायही लोक करतात. मला तो पसंत नाही. डिंक सुटला की नाणे पेडलखाली पडते, आणि ब्रेकच्या खाली कोणतीही सुटी वस्तू नको.

बदलताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बाहेर. स्विचला किल्लीशिवायही करंट असतो, म्हणून स्टॉपचा फ्यूज काढून ठेवा. जुन्या स्विचचा जागेवरच फोटो घ्या. आट्यांचा असेल तर लॉकनटच्या पुढे किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा. कनेक्टर काढल्याशिवाय स्विच फिरवू नका, वायरी पिळवटतात. कनेक्टरचे कुलूप छोट्या पेचकसाने हलकेच उचला. तिथे जोर केला की कान तुटतो, आणि मग तो कनेक्टर पुढे आयुष्यभर सैलच राहतो.

आट्यांचा स्विच : लॉकनट सैल करा, जुना फिरवून काढा, नवा फिरवत न्या. बॉडीचे टोक गुंडीला टेकले की अर्धा ते पाऊण आटा मागे घ्या. आट्यांमधले अंतर साधारण एक ते सव्वा मिलिमीटर असते, त्यामुळे फट अर्ध्यापासून एक मिलिमीटरच्या आत येते. ती बहुतेक गाड्यांना चालते, तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच प्रमाण. नंतर बॉडी हाताने धरून लॉकनट आवळा, नाहीतर आवळताना स्विच स्वतःच फिरून जातो.

पाव फेरी देऊन अडकणारा, स्वतःच जुळणारा स्विच वेगळा. त्याचा प्लंजर खाचांवरून एकदाच आपली लांबी ठरवतो. बसवण्याआधी प्लंजर पूर्ण बाहेर ओढायचा की नाही, बसवताना पेडल दाबून धरायचे की मोकळे ठेवायचे, हे दर गाडीला निराळे असते. डब्यातला कागद वाचा. यातले बरेच स्विच एकदा काढले की परत वापरायचे नसतात. ‘काढून पाहिला, ठीक वाटला, पुन्हा बसवला’ यातूनच काही गाड्यांत नवे दुखणे सुरू होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. स्विच गरजेपेक्षा पुढे बसवला तर तो पेडललाच किंचित दाबून धरतो. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते. गाडी चालताना ऑइल तापते, फुगते, त्याला जायला जागा नसते आणि ब्रेक आपोआप लागू लागतात. दिव्याच्या दुरुस्तीतून चाके तापण्यापर्यंत मजल जाते ती इथून. म्हणून काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम निघून जाईल. मग बोटाने पेडल हलवा. सुरुवातीचे काही मिलिमीटर ते मोकळे हलले पाहिजे. दिवे पहिल्या सेंटिमीटरभरातच लागावेत आणि पाय काढताच विझावेत. उशिरा लागत असतील तर स्विच फार पुढे आहे, रेंगाळत असतील तर फार मागे. थोडे अंतर चालवून आल्यावर चारही रिम जवळून पाहा. एखादा जास्तच तापला असेल तर फट पुन्हा मोजा.

गिअर ‘पी’मध्ये अडकला असेल आणि गाडी आत्ताच हलवायची असेल, तर बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांडीशेजारी झाकणाखाली कुलूप सोडवण्याची खाच असते. मात्र मागच्याला तुमचे थांबणे दिसणार नाही, याचे भान ठेवून फक्त आडबाजूला घेण्यापुरतीच ती वापरा.

नवा स्विचही जातो आहे

इथे पहिला संशय भारावर. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, म्हणून बल्ब लागण्याच्या क्षणी चालू करंटाच्या कित्येक पट करंट धावतो, आणि तो सगळा स्विचच्या कॉन्टॅक्टमधून. त्याच वायरवर जास्तीचे दिवे, झगमगती पट्टी, ट्रेलरची वायर जोडली असेल तर कॉन्टॅक्ट लवकर जळणारच. जोडायचेच असेल तर रिलेवर जोडा, स्विचला फक्त रिले उचलू द्या. काही गाड्यांत कंपनीनेच रिले किंवा बॉडी कॉम्प्युटर मध्ये घातलेला असतो. तिथे स्विचवर भार नसतोच, मग इतरत्र पाहावे.

दुसरा संशय सिलिकॉनवर, आणि तो फारसा कोणी घेत नाही. डॅशबोर्ड चमकवायचे काही स्प्रे आणि पॉलिश यांतून सिलिकॉनची वाफ निघते. ती स्विचमध्ये शिरली की ठिणगीच्या उष्णतेने कॉन्टॅक्टवर वाळूच्या जातीचा, वीज न वाहणारा थर जमतो. ही काल्पनिक भीती नाही. २०१९ मध्ये सुबारूने याच कारणासाठी जगभरातून सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या. त्याआधी २०१३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी ब्रेक लाइट स्विचमधल्या दोषापायी अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या बोलावल्या होत्या. तेव्हा पेडलची करकर घालवायला तिथे सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. स्विच विकत घेण्याआधी चॅसिस नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. असेल तर काम फुकट होते.

तिसरा संशय पायावर. ब्रेकवर पाय नुसता टेकवून चालवण्याची सवय असेल तर कॉन्टॅक्ट जुळण्याच्या उंबरठ्यावरच थरथरत राहतात आणि ठिणग्या खात राहतात. मागच्या गाडीवाल्यालाही तुमचे दिवे विनाकारण लुकलुकताना दिसतात.

एवढे करूनही पी०५०४ परत आला, तर चार पिनांच्या स्विचची दोन्ही सर्किटे एकमेकांशी वेळ जुळवत नाहीत. स्कॅनरवर दोन्ही ब्रेक सिग्नल शेजारी शेजारी लावून पेडल अगदी सावकाश दाबा. एक बदलल्यावर दुसरा बराच मागून बदलत असेल तर आधी बैठक पुन्हा जुळवा. दोघांपैकी एक मुळीच हलत नसेल तर त्याची वायर स्विचपासून कॉम्प्युटरच्या पिनेपर्यंत तपासायची, आणि हे काम वायरिंगचा नकाशा हातात असलेल्या माणसाकडे सोपवलेले बरे.